पिठाचा हात

"आणि हात?" लतीफचाचांनी विचारलं.

"कुणाचे?"

"याचेच. डोकं दाखवलंत, छाती दाखवली, पोटातली सकाळची भाकरीसुद्धा दाखवली. हात कुठं आहेत?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि चित्र फिरवलं. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एकूण एक हाड पांढरं उजळलं.

"हे बघा. एकही मोडलेलं नाही."

"ही हाडं झाली," ते म्हणाले. "मी हात विचारला."

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाला कळेपर्यंत धीर धरायला हवा, असं मनाशी म्हटलं.

कब्रस्तानाच्या कडेला मयताला गुसल घालायची, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची एक खोली आहे. निवृत्तीनंतर ती चाचाच बघत. तिच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. रविवार होता. अकरा वाजले असतील. आत शिरताना मी फोनचा आवाज बंद केला होता. चाचा नळाखाली बादली लावायचे, भरली की रांजणात ओतायचे आणि परत येऊन माझ्याजवळ टेकायचे.

जिल्हा रुग्णालयाच्या शवविच्छेदनाच्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काम केलं. कागदावर ते शिपाई होते. सुरी मात्र त्यांच्याच हातात असायची. डॉक्टर दाराशी उभे राहून लिहून घ्यायचे.

आता ती खोली बंद आहे. तिच्याऐवजी शेजारी माझं यंत्र आहे.

माझं म्हणतो, कारण त्याच्यासाठीच मी परत आलो. माणूस कशानं गेला ते न कापता, नुसत्या चित्रांवरून वाचायचं. सहा वर्षं मी परदेशात तेवढंच शिकलो. तिथं राहता आलं असतं. राहिलो नाही.

मी सोळा वर्षांचा असताना वडील याच जिल्ह्यात रस्त्यावरच्या अपघातात गेले. दवाखान्यातून घरी आणल्यावर आईनं चादर जरा बाजूला केली. गळ्यापासून बेंबीच्या खालपर्यंत सुतळीची शिवण होती, धान्याच्या पोत्याला असते तशी. पुढं आई जगली तोवर शिवलेलं पोतं दिसलं की तोंड फिरवायची.

तशी शिवण आणखी कुणाच्या आईनं पाहू नये, एवढंच मला हवं होतं. अजूनही हवं आहे.

पण लोकांचा यंत्रावर विश्वास बसेना. नातेवाईक दारात उभे राहून विचारायचे, "लतीफचाचांनी बघितलं का?" चाचा आता कामावर नाहीत, त्यांची गरजही उरलेली नाही, असं मी समजावून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

पुढच्या आठवड्यात कलेक्टर कचेरीत बैठक होती. यंत्र इथं ठेवायचं की दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचं, ते तिथं ठरणार होतं. चाचांनी बैठकीला येऊन एक वाक्य बोलावं, म्हणून मी त्यांना शोधत आलो होतो.

सोबत माझी सगळ्यात स्वच्छ केस आणली होती.

केरबा लोहकरे, वय सेहेचाळीस, हिवरगावचा पिठाच्या गिरणीवाला. पंधरा दिवसांपूर्वी गिरणीतच पडलेला सापडला. जवळ कुणी नव्हतं. अंगावर जखम नाही, असं पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं होतं. मृतदेह बंद पिशवीतून माझ्याकडे आला, बंद पिशवीतूनच यंत्रात गेला. सोळा मिनिटांत चित्रं तयार. हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा चुना साठलेला स्पष्ट दिसत होता. मी लिहिलं... हृदयविकार.

पिशवीची चेनसुद्धा उघडावी लागली नाही, याचा मला फार अभिमान होता. केरबाची बायको इंदुबाई बाहेर बाकावर बसली होती. मी स्वतः तिच्याकडे जाऊन म्हणालो होतो, "तुमच्या माणसाला आम्ही हातसुद्धा लावला नाही." ती माझ्या पाया पडली होती.

हे सगळं मी चाचांना रंगवून सांगितलं.

"सोळा मिनिटं," चाचा म्हणाले. "त्याला पुढं कुठं जायचं होतं का?"

"चाचा, बाहेर घरचे ताटकळत असतात."

"हां, ते खरं. मी चार-चार तास बसवून ठेवायचो लोकांना. शिव्या खायचो." त्यांनी पडद्याकडे पुन्हा बोट केलं. "हा चुना, तो घेऊन माणूस किती वर्षं जगतो?"

"सांगता येत नाही. काही जण वीस वर्षंही जगतात."

"आणि हा त्याच दिवशी मेला."

"हो."

"बरं."

ते उठले. बादली भरली होती. ती रांजणात रिकामी करून परत आले, तेव्हा मी बैठकीचा विषय काढला. एक वाक्य बोललात तरी पुरे, असं म्हणालो. या तंत्रानं माणसाची शेवटची विटंबना थांबते, शव जसंच्या तसं घरी जातं, हे तुमच्याइतकं कोण जाणतं, असंही म्हणालो. वडिलांच्या अंगावरची ती शिवणही सांगितली. माझा आवाज चढला असावा. समोरच्या कडुनिंबाखाली बसलेला कब्रस्तानाचा राखणदार आमच्याकडे बघायला लागला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"गिरणीवाला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हात पिठाचे असतील."

"असतील."

"असतील... की होते?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं.

"चाचा, पिशवी बंद होती."

"हां. ते सांगितलंत मघाशी."

कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडून भंगारवाल्याची हाक गेली... दूर गेली.

मग चाचांनी माझा उजवा हात धरला. धरला म्हणजे अगदी आपला असल्यासारखा उचलून गुडघ्यावर ठेवला. लोट्यातलं पाणी ओतलं. तळहात चोळला, बोटं एकेक करून उलगडली, मधली बेचकी पाहिली, नखं पाहिली. घाई नव्हती. त्यांचे स्वतःचे हात थरथरत होते, पण माझी बोटं धरली की थरथर थांबत होती.

"हे कशाचं?" अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ होती.

"लहानपणी पतंगाच्या मांज्यानं कापलं होतं."

"तुमच्या फोटोत येईल?"

"नाही."

"आणि हे?" तर्जनीच्या पेरावर चटका होता, अर्धा काळा पडलेला.

"काल चहाचं पातेलं उतरवताना..."

"हे येईल?"

तेही येणार नव्हतं.

जुन्या लोकांकडून हे मी ऐकलं होतं. टेबलावर कुणीही येवो, हिंदू, मुसलमान, बेवारस, लतीफचाचा सुरीला शिवायच्या आधी त्याचे दोन्ही हात धुऊन पाहायचे. नवे डॉक्टर त्यांची थट्टा करायचे. "चाचा, पाहुणा जेवायला बसणार आहे का?" चाचाही हसायचे आणि धुवायचे. मला ती एका भाविक माणसाची खोड वाटली होती. कर्मचाऱ्यांच्या निरोपसमारंभात मी हा किस्सा सांगितलाही होता. लोक हसले होते. चाचा पहिल्या रांगेत बसले होते.

ओला हात गुडघ्यावर तसाच ठेवून मी बसलो. आणि तिकडची ती खोली आठवली.

परदेशातल्या आमच्या संस्थेत मृतदेह माझ्यापर्यंत यायचा तेव्हा पिशवी नेहमी बंद असायची. मला वाटायचं, पद्धतच तशी. पण शेजारी आणखी एक खोली होती. तिथं रबरी एप्रन घातलेली एक वयस्क बाई असायची. ती पिशवी उघडायची, माणसाला धुवायची, नखापासून केसांपर्यंत पाहायची, लिहायची आणि पिशवी परत बंद करायची. ते कागद पिशवीबरोबर माझ्या टेबलावर येत. मी त्यांच्यावरून नजर फिरवायचो. सहा वर्षांत त्या बाईचं नाव मी विचारलं नाही.

मी यंत्र आणलं. ती खोली आणली नाही.

इथं ती खोली होतीच. ती म्हणजे लतीफचाचा. निवृत्तीनंतरही दोन वर्षं राहायला ते तयार होते. आता कापायचंच नाही तेव्हा या कर्मचाऱ्याची आवश्यकता नाही, असं मीच लिहून दिलं होतं. सही माझी होती.

"त्याला आंघोळ कुणी घातली?" चाचांनी विचारलं.

"कुणाला?"

"गिरणीवाल्याला. घरी नेल्यावर."

"घरच्यांनी घातली असेल."

"मग त्यांनी हात पाहिले असतील. विचारा ना."

मी फोन काढला. दवाखान्याचे चार कॉल येऊन गेले होते. ते नंतर बघू, म्हटलं. केरबाच्या फॉर्मवर इंदुबाईंचा नंबर होता. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

मी नाव सांगितलं. तिचा आवाज बसला होता. कधी येताय, आम्ही इथंच बसलोय, असं काहीतरी ती म्हणाली. पतीच्या मृत्यूचा दाखला न्यायला आली असेल, असं मला वाटलं. येतोच, म्हणालो. आणि मग विचारलं, केरबांना घरी नेल्यावर त्यांचे हात कसे होते, कुणी पाहिलं होतं का.



आंघोळ पुरुषांनीच घातली, ती सांगू लागली, पण हात तिनं स्वतः धुतले होते. पीठ ओलं होऊन वाळलं होतं, बोटांवर कवच धरलं होतं, नुसत्या पाण्यानं निघेना. तिनं नखानं खरवडून काढलं. तसं पीठ घेऊन त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

"आणि खाली काही होतं? कातडीवर?"

"अंगठ्याला होतं की. ज्वारीच्या दाण्याएवढं. मधी पांढरं, कडक, खोलगट. कडंला काळं. विडीचा चटका असंल म्हटलं."

केरबा विडी ओढत नव्हता. फॉर्मवर ते मीच लिहून घेतलं होतं.

विजेचा झटका शरीरात बहुतेक वेळा काहीच मागं ठेवत नाही. मेंदू, फुप्फुसं, हाडं जशीच्या तशी राहतात. शिरतो तिथं कातडीवर कधी एवढीशी खूण उमटते, कधी तीही नाही. यंत्राला ती दिसत नाही. पिठाखाली ती पोलिसांनाही दिसली नव्हती. धमन्यांतला चुना खरा होता. तो घेऊन केरबा आणखी वीस वर्षं दळत राहिला असता.

मी विचारलं, "बाई, गिरणी बंद आहे ना?"

"तेराव्यापर्यंत बंदच होती."

"आणि आता?"

"आज सकाळी एकनाथ भाऊजींनी चालू केली," ती म्हणाली. "त्यांनाच तर घेऊन आलोय, साहेब. तुमच्या दारात बसलोय."

मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो ते कळलं नाही.

ती पुढं बोलत होती. पहिलंच दळण होतं. जाऊबाई भाकरी घेऊन गेली तर पट्टा नुसता फिरत होता आणि भाऊजी खाली पडले होते. यांनाही न कापताच बघा, असं तिनं हात जोडून सांगितलं. फोनवर हात दिसत नाहीत, पण तिनं जोडले होते हे मला आवाजावरून कळलं.

मग तिनं विचारलं, "साहेब, दोन्ही भावांचं हृदय सारखंच कच्चं होतं का हो?"

...

काय उत्तर दिलं ते आता नीट आठवत नाही. एवढं सांगितलं हे आठवतं, की गावात लगेच फोन करा, गिरणीची वीज खांबावरूनच तोडायला सांगा, आणि तोवर कुणी दारालाही शिवू नका. का, असं तिनं विचारलं नाही. बरं, म्हणाली. मी सांगितलेलं सगळं ती ऐकत आली होती.

फोन ठेवला. चाचांनी नळ बंद केला होता. फोनमधला तिचा आवाजही त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला कसं माहीत असणार? मी कुठं पाहिलं त्याला?"

"मग हात का विचारलेत?"

"मी सगळ्यांचेच विचारतो."

मी पायरीवर बसलो. लॅपटॉपच्या पडद्यावर केरबाचा सांगाडा हळूहळू फिरत होता. कसा थांबवायचा ते क्षणभर मला सुचेना. मी झाकणच बंद केलं.

मग मी पुष्कळ बोललो. पहिला अहवाल आजच्या आज बदलतो, म्हणालो. एकनाथ माझ्यामुळं गेला, हे लिहून देतो. बैठकीत सगळ्यांसमोर उभा राहतो. यंत्र परत पाठवतो. जुनी खोली पुन्हा उघडतो, सगळं जसं होतं तसं करतो.

चाचा शेवटच्या वाक्यापर्यंत थांबले.

"मशीननं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"चाचा..."

"तुमचे वडील कोणत्या साली गेले?"

मी साल सांगितलं.

ते रांजणाकडे बघत राहिले. पाणी अजून हलत होतं.

"त्या साली तिथं मी एकटाच होतो," ते म्हणाले. "सुतळीनंच शिवायचो. चांगला दोरा मागितला असता तर मिळाला असता. मागितला नाही. आपल्याला कोण बघतंय, असं वाटायचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मशीन असू द्या," ते म्हणाले.

कडुनिंबाखालचा राखणदार उठून आपल्या झोपडीत गेला. माझा हात वाळला होता. खिशात फोन थरथरत होता, पुन्हा दवाखान्याचाच असणार.

"चाचा, मी आता त्या बाईला तोंड कसं दाखवू?"

चाचा वळून आत गेले. खुंटीवरचा धुतलेला पंचा घेतला, खांद्यावर टाकला. लोटा उचलला, आतून बोट फिरवून पाहिला, विसळला. पायरीशी येऊन चपला शोधल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तिथं सुतळी बांधली होती.

"दरवाजाची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"कुठल्या?"

"जुन्या खोलीच्या. तिथं नळाला पाणी येतं अजून."

"आहे."

"चला मग." लोटा त्यांनी स्वतःकडेच ठेवला. पंचा माझ्या खांद्यावर टाकला. "पाणी मी ओततो. हात तुम्ही धरा."